आधी निजून पाहिलेल्या खोल्या

धुळ्यात मोठ्या दवाखान्यामागच्या गल्लीत सुमनबाईंचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मागच्या अंगाला कडुनिंबाखाली ओळीनं तीन खोल्या होत्या. त्या सामानासकट भाड्यानं मिळत, कोणाला आठ दिवस, कोणाला महिना. येणाऱ्यानं कपड्यांची पिशवी तेवढी आणायची. लोखंडी पलंग, भावाच्या शेतातल्या कापसाची गादी, वेलबुट्टी काढलेला अभ्रा, टेबल, खुर्ची, आरसा, टेबल फॅन, कोपऱ्यात माठ आणि माठावर पितळी पेला, असं सगळं आधीच मांडलेलं असे. दहावीचे पेपर तपासायला मी जळगावहून जायचो तेव्हा तिथेच उतरायचो. सलग सहा वर्षं उतरलो. ऑडिटचे कारकून, बँकेत नव्यानं लागलेली मुलं, औषधांच्या कंपन्यांचे फिरते विक्रेते, पेशंटचे नातेवाईक, असे शेजारी मला तिथे मिळाले. सगळे सुमनबाईंना अक्का म्हणत.

अक्कांची एक रीत होती. नवा माणूस येणार असला की त्या दुपारी त्याच्या खोलीत जाऊन तासभर निजून यायच्या. मला पहिल्यांदा नवल वाटलं, तेव्हा त्या म्हणाल्या की जेवण चाखून वाढतो, मग झोप न चाखता कशी द्यायची? उठल्यावर त्या पलंग वीतभर इकडे सरकवायच्या, खिडकीची एक फळी लोटायच्या. आणि येणाऱ्याला खोलीबद्दल सगळं खरं सांगून टाकायच्या. अडीच वाजता पिठाची गिरणी सुरू होते, चारला थांबते. सकाळी ऊन डाव्या डोळ्यावर येतं. कडेच्या खोलीत पाण्याची स्वप्नं पडतात, घाबरू नका, भिंतीपलीकडे हौद आहे. मी त्या कडेच्या खोलीत राहायचो. पेपर तपासून थकून निजलो की खरोखरच स्वप्नात तापीच्या काठानं चालत असायचो, आणि जाग आल्यावर तोंडाला गार वाटायचं.

शहाऐंशी सालच्या एप्रिलात पिंपळनेरच्याही पलीकडच्या एका पाड्यावरून उखा नावाचा माणूस आपल्या आईला घेऊन आला. बुधीबाई तिचं नाव. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात खाटा कमी, म्हणून तिसऱ्या दिवशी सुट्टी दिली. पण घरी जायचं नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी होती, दुसरा डोळा हलला की ऑपरेशनचाही हलतो म्हणून. आणखी आठ दिवस पडून राहायचं, वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, एसटीचं तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाका तुटला तर डोळा गेला. डावा डोळा तिचा आधीच गेल्यासारखा होता.

अक्कांनी त्यांना मधली खोली दिली. तिन्हीत उत्तम ती. पंखा नवा, पलंग उंच, फरशी फिनेलनं पुसलेली. दोघं अचानक दारात उभी राहिल्यामुळे अक्कांना आधी निजून पाहता आलं नाही. या खोलीला काय बघायचं आहे, असंही त्यांना वाटलं असणार.

दुसऱ्याच दिवशी दुपारी उखा औषध आणायला गेला होता. परत आला तर पलंग रिकामा. उखा, अक्का आणि मी तीन दिशांना धावलो. बुधीबाई गल्लीच्या टोकाला रसवंतीपाशी सापडली. दोन्ही डोळ्यांना पट्टी, हातात चपला, आणि एका हातानं भिंत चाचपत सरळ पश्चिमेला निघालेली. रसवाल्यानं तिला थांबवून बाकावर बसवलं होतं. अक्कांनी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाली, घरी. वाट कशी कळली, तर दुपार कलल्यावर तोंडाला ऊन लागतं तिकडे घर, हे काय विचारायचं? मोहाची फुलं गळायला लागली होती, ती वेचायला घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"आणि पलंगावर झोप नाही लागली का?" अक्कांनी विचारलं.

"तुना पलंग शे का झाड, वं माय? मले वर चढाडी दिधं."

दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर उखाला पुष्कळ बोलले. टाका शाबूत होता, पण पुन्हा अशी उठली तर माझ्याकडे आणू नका, म्हणाले. उखा अंगणात डोकं धरून बसला. आईला बांधून ठेवायचं का, असं तो मला विचारत होता.

अक्कांनी बुधीबाईला स्वतःच्या घरात निजवलं, उखाला तिच्याजवळ बसवलं, एक टॉवेल घेतला, तो घडी करून स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधला आणि मधल्या खोलीत जाऊन त्या पलंगावर पडल्या. मी बाहेर कडुनिंबाखाली पेपर तपासत होतो. तासाभरानं त्या भिंत धरत बाहेर आल्या. चेहरा उतरला होता.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "डोळे बांधले की ही खोली कुठेच नाही."

पंख्याच्या आवाजात दार कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. फिनेलच्या वासापुढे दुसरा वास नव्हता. हात लांब केला तर हाताला काही लागत नव्हतं, पाय खाली सोडला तर जमीन नव्हती. चांगलं चांगलं म्हणून आपण मांडत गेलो, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी उखाला बोलावलं आणि तुमच्या घरात काय कुठे आहे ते सांग, म्हणाल्या. त्याला सांगता येईना. मी माझी लाल-निळी पेन्सिल आणि पेपरांच्या गठ्ठ्याचं खाकी वेष्टण त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं काढून दाखवलं. निजताना आईचं डोकं इकडे, डाव्या हाताला पाण्याची मडकी, उजवीकडे दाण्यांची कणगी, पायांकडे कुडाच्या भिंतीपलीकडे बकरी. सांगताना त्याचे डोळे मिटलेले होते, तरी रेघा बरोबर पडत होत्या.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. पलंग, टेबल, खुर्ची, आरसा, सगळं माझ्या खोलीत आलं आणि मला आत जायला वाट उरली नाही. फरशी साध्या पाण्यानं तीनदा धुतली. जमिनीवर चटई आणि तीवर गोधडी. डाव्या हाताशी माठ, हात टाकला की लागेल असा. उजवीकडे अक्कांची ज्वारीची कोठी. पलीकडच्या आळीतल्या हिलाल भाऊंची बकरी मागच्या भिंतीशी बांधली. हिलाल भाऊ म्हणाले, आता भाडेकरू चार पायांचे पण ठेवता का अक्का? उखाच्या सामानाच्या धडप्यात मागच्या वर्षीच्या मूठभर मोहफुलांची पुरचुंडी होती. ती पुरचुंडी उशाशी खुंटीला टांगली.

बुधीबाईला आत आणून निजवलं. तिनं डावा हात टाकला, माठाला लागला. उजवा टाकला, कोठीला लागला. भिंतीपलीकडे बकरी रवंथ करत होती. बराच वेळ ती ऐकत पडली आणि मग तिचा श्वास लांब झाला.

पुढचे दिवस मला अजून धुक्यात पाहिल्यासारखे आठवतात. पंखा बंद, खिडकी अर्धी लोटलेली, कडुनिंबाची सावली भिंतीवर हलते आहे. अक्का दुपारी तिच्याशेजारी चटईवर आडव्या व्हायच्या. बुधीबाई पट्टीखालून बोलत राहायची. पहाटे मोह कसा टपटप गळतो, पहिली फुलं हरणं खातात, मग माणसं वेचतात, उन्हानं वास कसा चढतो. बोलता बोलता दोघींचा डोळा लागायचा. एकदा अक्का उठून मला सांगत होत्या की स्वप्नात आपण रानात फुलं वेचत होतो, टोपली भरतच नव्हती आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. धुळं सोडून पश्चिमेला त्या कधी गेलेल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी पट्टी निघाली. डोळा चांगला झाला होता. काळा चष्मा लावून बुधीबाई सामान घ्यायला परत आली. आधी तिनं अक्कांकडे निरखून पाहिलं आणि हसली. आवाजावरून तिला अक्का तरुण वाटल्या होत्या. मग ती खोलीच्या दारात उभी राहिली. हिरवा ऑइलपेंट, विजेचं बटण, माठ, कोठी, सगळीकडे सावकाश नजर फिरवली.

अक्का जरा ओशाळल्या. तुम्हाला फसवलं असं वाटलं का, म्हणून त्यांनी विचारलं.

"मन्हं घर नही, ते मले पहिलाच दिन कळनं व्हतं," बुधीबाई म्हणाली. "पन तू इतलं मांडं मन्हासाठे. मंग उठीसन कशी जाऊ?"

अक्कांनी तिचा हात धरला आणि तसाच धरून स्टँडपर्यंत गेल्या. पिंपळनेरच्या गाडीत बुधीबाईनं कंडक्टरशी भांडून खिडकीची जागा घेतली. गाडी फाटकातून वळेपर्यंत ती बाहेर एकेक गोष्ट पाहत होती.