मुठीतलं कुंकू

श्रावणात सुरू झालेलं रक्त नवरात्र आलं तरी थांबत नव्हतं, आणि तेवढे दिवस मी देवीसमोर दिवा लावला नव्हता. विटाळ ही बायकांना गप्प बसवायची युक्ती आहे, असं मी घाटकोपरच्या वस्तीत पत्रकं वाटून सांगत फिरले होते. पण आई म्हणाली, "थांबेपर्यंत देव्हाऱ्याला शिवू नकोस गं," तेव्हा भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. मनात एकच कुरतडत होतं. जिला लहानपणापासून आई म्हणत आले, त्या देवीलाही माझं रक्त नकोसं आहे का?

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुर्बिणीतून आत बघू, थोडं अस्तर काढून कॅन्सर नाही ना ते तपासू. त्या सकाळी उपाशीपोटी, गाऊन घालून मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खाटेवर बसले होते. सिस्टरने बांगड्या काढायला, टिकली पुसायला लावली. टिकली गेली तसा उरलासुरला धीरही गेला. मला ती तपासणी नको होती आणि निकाल तर त्याहून नको होता. मी कपडे मागायला उठले.

शेजारच्या खाटेवर वर्सोव्याची एक कोळीण होती. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं, म्हणून याच तपासणीला आलेली.

"कुठं चाललीस गो?"

"घरी."

"बस खाली! बाजारात मी एवढी उपाशी बसले असते तर गिऱ्हाईकच खाल्लं असतं!"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. देव्हाऱ्याचंही तिला सांगून टाकलं. तिने उशीखालून देवीच्या कुंकवाची पुडी काढली. मी हात मागे घेतला.

"देवीला रगत काय नवीन हाय? तीपण बाईच ना गो!" कपाळावर चालणार नाही म्हणून तिने चिमूटभर कुंकू माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटवली. "आता तू नको धरूस. तीच धरंल."

सिस्टरने बघितलं आणि मिटल्या मुठीसकट मला आत नेलं.

भुलीचं औषध शिरेत गेलं तशी मूठ आपोआप उघडली. इतके दिवस आवळून धरलेलं बरंच काही तिच्याबरोबर सुटलं. जागी झाले तेव्हा तळहात लाल होता आणि शेजारची खाट रिकामी. तिला आत नेलं होतं. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले. रक्त थांबलं नव्हतं, रिपोर्ट यायचा होता. तशीच देव्हाऱ्यापुढे बसले. आईने माझ्या तळहाताकडे पाहिलं, आणि मग काडेपेटी पुढे केली.

पुढे रिपोर्ट चांगला आला, गोळ्यांनी रक्तही थांबलं. पण दिवा त्याआधीच लागला होता. आता रोज सांजवात लावताना त्या बाईचा रिपोर्टही मी देवीच्याच हातात ठेवते.