सरदाराची बाजू

तान ह्वेईफांगचे हात मशीनवर आणि तोंड माणसांवर, दोन्ही एकाच वेगाने चालायचे. चीनमधल्या झिगोंग शहरात, जुन्या कामगार वसाहतीच्या फाटकाशी, पत्र्याच्या छपराखाली तिचं शिलाई मशीन होतं. पॅन्टची चेन बदल, बाही आखूड कर, रजईला खोळ शिव, असली कामं. कपडा टाकायला आलेला माणूस बांबूच्या स्टुलावर टेकायचा, सूर्यफुलाच्या बिया फोडायला लागायचा, आणि कपडा शिवून झाला तरी उठायचं नाव घ्यायचा नाही. त्या शरदात तर कोणीच उठत नव्हतं, कारण सगळ्यांना भांडायचं होतं आणि भांडायला विषय मिळाला होता: 'शीतघाटाचा सरदार'.

ही मालिका अख्ख्या देशाने डोक्यावर घेतली होती. गोष्ट साधी. सरदाराच्या अंगात विष भिनलेलं, वैद्य म्हणतो वसंत काही दिसायचा नाही. आता हा बाबा काय करतो? जिच्यावर जीव टाकतो त्या शुआंगला काडीमोडाचा कागद पाठवतो, घरात दुसरी बाई आणून बसवतो, भर दरबारात शुआंगचा पाणउतारा करतो. का, तर तिने आपला तिटकारा करावा, निघून जावं आणि आपल्यामागे रडत बसू नये. एवढ्यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसायचे बाकी होते. मोबाइलवर भाग लागला की प्रेक्षकांनी टाइप केलेली वाक्यं चित्रावरून पळत सुटायची. कोणी म्हणे असा नवरा सात जन्म शोधून मिळायचा नाही, कोणी म्हणे असल्याला विष कमीच पडलं. वाक्यांच्या गर्दीत बिचाऱ्या सरदाराचं तोंडसुद्धा दिसत नसे.

"मला सांगा, त्या पोरीला कोणी विचारलं?" पार्सलच्या दुकानातली श्याओमान रोज एवढं एकच वाक्य घेऊन यायची. "तिचं आयुष्य, तिचा नवरा, आणि ठरवतो कोण? हा! वर लोक म्हणतात, काय ते प्रेम!"

"तुला गं काय कळतंय प्रेमातलं?" थंड जेलीची गाडी लावणारी ल्यान मावशी तिखट तेलाचा डाव हातात घेऊनच भांडायला यायची. "पार्सलं देता देता दोन पोरं सोडून गेली तुला."

"सोडून गेली, पण तोंडावर सांगून गेली, मावशी!"

पांग म्हातारा सरदाराच्या बाजूचा. मिठाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बुद्धिबळाचा पट काखेत मारून फिरणारा हा माणूस अपमानाचा प्रसंग आला की चष्मा काढून डोळे पुसायचा. "मोठ्या मनाचा माणूस आहे," तो म्हणायचा. "सगळं स्वतःच्या छातीवर घेतो. तुम्हा आजकालच्या पोरांना एक ओझं उचलवत नाही."

आणि या सगळ्यांहून वरच्या पट्टीत, मशीनच्या खडखडाटावरून ओरडायची ती ह्वेईफांग. "बरोबरच केलं त्याने! सांगून काय होणार होतं? विष उतरणार होतं का? चार दिवस सुखाने झोपत होती, ती झोप गेली असती, बस!"

ती इतक्या त्वेषाने बोलायची की एकदा सुई बोटातून आरपार गेली, तरी वाक्य पुरं करूनच तिने बोट तोंडात घातलं. लोक हसले. ल्यान मावशी मात्र हसली नाही. तिला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात ह्वेईफांगच्या नवऱ्याचा, दायचा, खोकला थांबेना म्हणून इस्पितळात नेलं होतं. दाय म्हणजे शहर बसचा जुना ड्रायव्हर, आडवातिडवा गडी, आणि बायकोपुढे अगदी मेणाचा. इकडे अशा नवऱ्याला मऊ कानाचा म्हणतात आणि तो ते कौतुकासारखं मिरवतो. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी दार किलकिलं करून विचारलं, "रुग्णाच्या घरचं कोण आहे?" ह्वेईफांग आत गेली. दाय बाहेर बाकावर तिचा चहाचा थर्मास सांभाळत बसला. आत तिला फुप्फुसातल्या गाठीचा फोटो दाखवला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. दारामागे उभं राहून तिने ते आधी नीट बसवून घेतलं होतं.

"काही नाही रे, जुनी सूज आहे," ती म्हणाली. "जीवनसत्त्वं घ्यायला सांगितलीत."

गोळ्या घरी आणल्यावर तिने त्या दुकानात मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत ओतल्या आणि मूळ खोकं फाडून कचऱ्यात टाकलं. असं करणारी ती काही पहिली बाई नव्हती. त्या वसाहतीत कितीतरी माणसं आपल्याला काय झालंय ते न कळताच गेली, आणि मागे राहिलेल्यांनी एकमेकांना शाबासकी दिली की शेवटपर्यंत कळू दिलं नाही. खुद्द ह्वेईफांगचे वडील गेले तेव्हा ती शाळेची मोठी परीक्षा देत होती. तिला कोणी कळवलं नाही. परीक्षा संपवून ती वडिलांना आवडतात म्हणून पिशवीभर पर्सिमनची फळं घेऊन घरी आली, तर वडील मातीत जाऊन बरेच दिवस झाले होते. "तुझ्या भल्यासाठीच, पोरी," सगळे म्हणाले. तिने मान डोलावली आणि फळं शेजाऱ्यांत वाटून टाकली. पर्सिमन ती आजही खात नाही. का म्हणून विचारलं, तर घशाला चिकटतं म्हणते.

ल्यान मावशीला तिने शपथ घालून सांगितलं होतं. मावशीने तशीच शपथ घालून पांगला सांगितलं, पांगने आणखी कोणाला, श्याओमानला पार्सलांबरोबर बातमीही मिळाली, आणि आठवडाभरात दाय सोडून सगळ्या फाटकाला ठाऊक झालं. गोळ्या कुठल्या बाटलीत आहेत, हे मात्र ह्वेईफांगने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग ही मालिका आली, आणि तिच्या जिवाची शांतता गेली. श्याओमानने "त्या पोरीला कोणी विचारलं?" म्हटलं की ह्वेईफांगचं शिवणावरून लक्ष उडायचं. उलटी शिवण घातली जायची, डाव्या पायाला उजव्या पायाचं माप लागायचं. रोज ठरवायची की आता मोबाइल बंद, आणि रोज तीच पहिली विचारायची, "नवा भाग आला का गं?"

तिला धीर होता तो एका गोष्टीचा. दाय स्वतः सरदाराच्या बाजूने होता. दुपारी पांगबरोबर डाव मांडून उठला की तो फाटकाशी यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि सगळे त्याच्याकडे न बघता भांडत राहायचे.

"दायकाका, तुम्ही सांगा," एकदा श्याओमान न राहवून म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली.

"मी? मी सरदाराच्या बाजूने," दाय म्हणाला. "बरोबर वागला गडी."

ह्वेईफांगच्या छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी तिने घरी सशाचं झणझणीत सुकं केलं आणि त्याने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तिला रडू आलं, तर मिरचीवर ढकललं. परवानगी मिळाली होती. न विचारता मिळाली होती! पण दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली आणि पुन्हा उलटी शिवण घातली गेली. परवानगी मिळालीय, तर मग जीव थाऱ्यावर का नाही, हे तिला कळेना.

शेवटचे भाग जवळ आले होते. शुआंगला सगळं कळणार का नाही, यावर अख्खा देश पैजा लावत होता. त्या दुपारी पांग आला तो मफलरने अर्धं तोंड झाकून.

"थंडी वाजतेय का काय, पांगभाऊ?" ल्यान मावशीने विचारलं आणि मफलर ओढला. गालांवर, नाकावर, कपाळावर लाल पुळ्याच पुळ्या.

"अगं बाई, म्हातारपणी तारुण्य फुटलं!" मावशी खिदळली. "कोणासाठी हो?"

"हसू नका. पोटही धरत नाही," पांग कुरकुरला.

सगळे हसत होते. ह्वेईफांगचं मशीन तेवढं थांबलं. त्या पुळ्या तिच्या ओळखीच्या होत्या. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात दायचं तोंड अगदी असंच फुललं होतं, पोटही असंच बिघडलं होतं, आणि तिने सगळं मिरचीच्या माथी मारलं होतं.

"पांगभाऊ, काय खाताय तुम्ही?"

"काही नाही वहिनी. उलट ताकदीचंच खातोय. दाय देतो ना, तुमची ती जीवनसत्त्वं."

दाय भिंतीला टेकून उभा होता. तो दिलखुलास हसला. "अगं, हा बघ ना कसा वाळत चाललाय. तू सकाळी वाटीशेजारी गोळी ठेवून येतेस, ती एक दिवस मी घेतो, एक दिवस याच्यासाठी रुमालात बांधून नेतो. माझी तब्येत तर ठणठणीत आहे. मी एकट्यानेच कशाला खायचं चांगलंचुंगलं?"

ह्वेईफांग उठली ती स्टूल पाडूनच. "थुंका! पांगभाऊ, आज घेतलीत का? थुंका म्हणते ना! परत हात लावायचा नाही!" मग ती दायकडे वळली. "एक दिवस घेतोस? एक दिवसाआड? कधीपासून? अरे, कधीपासून?"

"असं काय करतेस? जीवनसत्त्व तर आहे."

ल्यान मावशी हातातल्या तेलाच्या डावाकडे बघत राहिली. पांगने मफलर पुन्हा वर ओढला. त्याला आत्ताच सगळं उमगलं होतं. श्याओमानच्या मोबाइलवर सरदार काहीतरी बोलत होता, तिने तो झटकन बंद केला.

दायने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ड्रायव्हर होता तो. जन्मभर आरशातून माणसं ओळखलेली.

"कशाच्या गोळ्या आहेत, ह्वेईफांग?"

आणि मग तिने सांगितलं. उभ्या उभ्या, अर्धवट शिवलेली कोणाची तरी पॅन्ट छातीशी धरून. गाठ, फोटो, बाटली, सगळं. वाक्यं मागेपुढे झाली. शेवटी ती ओरडलीच, "तूच म्हणालास ना बरोबर वागला म्हणून! सगळ्यांसमोर म्हणालास! सरदाराच्या बाजूने आहेस म्हणालास!"

दायने भिंतीचा टेका सोडला. मग म्हणाला, "म्हणजे महिनाभर तुम्ही सगळे माझ्यावरूनच भांडत होतात."

श्याओमान रडायला लागली.

"मी होतोच सरदाराच्या बाजूने," तो म्हणाला. "अजून आहे. आजार त्याचा होता गं. त्याचा होता, त्याने झाकला. हा तर माझा होता ना? तू माझा आजार माझ्यापासून झाकलास."

तो घरी निघून गेला. रात्रीचं जेवला, भांडी घासली, एक शब्द बोलला नाही. ह्वेईफांग या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. त्याने आदळआपट केली असती तर तिने चौपट केली असती; ते तिला जमत होतं. हे गप्प बसणं तिला नवीन होतं. झोपायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "सकाळी इस्पितळात जायचं."

इस्पितळाच्या त्याच मजल्यावर, त्याच बाकावर दोघं बसली. फोटो नव्याने काढून झाले. दार किलकिलं झालं.

"रुग्णाच्या घरचं कोण आहे?"

ह्वेईफांग सवयीने उठली. दायने तिच्या हातात थर्मास दिला आणि खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"घरचा मीच," तो डॉक्टरांना म्हणाला, "आणि रुग्णही मीच." तो आत गेला आणि दार लागलं.

ती बसली. उठली. दाराला कान लावला, तर परिचारिकेने डोळे वटारले. पुन्हा बसली. थर्मासचं झाकण फिरवून उघडलं, चहा प्यायली नाही, झाकण लावलं. एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांनी काय केलं असेल? गाठ वाढली असेल का? किती? आत काय बोलतायत एवढा वेळ? जे काय असेल ते असो, पण कोणीतरी येऊन सांगा मला, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. तिला एकदम पर्सिमनची ती पिशवी आठवली आणि त्या वेळी आपण नुसती मान डोलावली होती याचा इतक्या वर्षांनी भयंकर राग आला. हे सगळं बाकावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला येतं, आणि उन्हाळ्यात तिने दायला इथेच बसवलं होतं.

दार उघडलं. दाय बाहेर आला. चेहऱ्यावर हसू होतं.

"काही नाही गं," तो म्हणाला, "जुनी सूज आहे."

ह्वेईफांग त्या हसण्याकडे बघत राहिली. ते नीट बसवलेलं होतं. थर्मास तिच्या हातातून सुटला आणि फरशीवर घरंगळत गेला. तिने त्याची बाही दोन्ही हातांनी धरली. "नको. असं नको करू. पाया पडते तुझ्या. काय असेल ते सांग."

दायचं हसू गेलं. त्याने वाकून थर्मास उचलला, शर्टाला पुसला आणि तिच्या शेजारी बसला. मग डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं, ते त्याने पहिल्यापासून, काही न गाळता तिला सांगितलं.