सात घरांत ठिवलेली भांडी

आमच्या शालू आत्तीला जाऊन आज चार म्हयनं झालं. माज्या बाची थोरली भन. मूल न्हाई, बाळ न्हाई, नवरा लगीन झाल्यावर सा वर्सांत वारला. तासगावच्या पल्याड आमच्या गावात पत्र्याच्या खोलीत ऱ्हायची, लोकांच्या द्राक्षबागंत विरळनीला जायची. माजी आई लवकर गेली, मला तिनंच वाढीवलं.

साठी झाली तवा तिचं हात कापाय लागलं. कामाला कोन सांगंना. मग मी साताऱ्यावरनं सुट्टी काढून गेले, उत्पन्नाचा दाखला काढला, तहशीलला खेटं घातलं, निराधारचा फारम भरला. पगार सुरू झाला. पगारच म्हनायची ती त्येला. "सरकारनं मला नोकरीला ठिवलंय, काम कायबी न्हाई," आसं सगळ्यास्नी सांगायची आन् हसायची.

तीन वर्सांमागं मी गावाला गेले तवा ब्यांकेत तिचं पासबुक भरून घेतलं. अकरा हजार दिसलं. मी म्हनलं, "आगं आत्ती, येवढं साठीवलंस? सायबानं बघितलं तर म्हनंल, ही कसली निराधार! पगार बंद करंल तुजा."

चेष्टेत म्हनलं मी. तितं बाकड्यावर बायका आसलंच कायतरी बोलत हुत्या, खरं खोटं मला ठावं नव्हतं. मी हसले. ती हसली न्हाई.

"व्हय गं? बंद करत्यात?"

"मग काय," म्हनून मी चा सांगाय गेले. येवढंच झालं.

त्यानंतर फोन केला की शेवटाला इचारायची, "कोन चौकशीला येनार न्हाई न्हवं?" मी म्हनायची, "तुज्याकडं कोन येतंय म्हातारे." मला वाटायचं, चौकशीचं निमित्त करून चोर येतील ह्येचं भ्या वाटतंय.

यंदा तिच्या पायाला जखम झाली, ती भरंचना. मिरजला दवाखान्यात न्हेली. डाक्टर म्हनलं, साखर लय वाढलीया, आजच दाखल करा, तपासन्या आन् औषधांस्नी दहा हजार तरी हाताशी ठिवा. माज्याकडं तीन हुतं. म्हनलं, "आत्ती, तुज्या खात्यातलं काढूया."

"खातं रिकामं हाय. खाल्लं मी."

मला राग आला. "येवढं सगळं खाल्लंस? रोज बासुंदी वरपत हुतीस का काय?"

तिनं पायाची पट्टी नीट केली. मग म्हनली, "तुजा पगार दहा तारखंला हुतोय न्हवं? तवा येऊ की. पाय कुठं पळून जातोय."

घरी आनली, मी साताऱ्याला परतले. आठ तारखंला सकाळी शेजारच्या सुलाबाईचा फोन आला. आत्ती तापानं फनफनली हुती, गाडी येऊस्तवर गेली.

दहावं झाल्यावर दुसऱ्या दिशी सुलाबाई कमरंवर तांब्याचा हंडा घिऊन आली. माज्या म्होरं ठिवला. "ह्यो तुजा बाई. शालीनं माज्याकडं ठिवला हुता."

"माजा कुठला?"

"नाव बघ की."

काठावर नाव घातल्यालं हुतं, क्रांती. तवर नाथाजी मामा पितळंची घागर घिऊन आलं. मग राहीबाई परात घिऊन. सांजपतूर सात घरांतनं सात भांडी आली, सगळ्यांवर माजंच नाव.

सुलाबाई म्हनली, "पगार झाला की सगळा काढून आनायची. चटनीभाकरीवर दिस काढायची आन् चार-पाच म्हयन्यांतनं एक भांडं घ्यायची. नाव घालनारा म्हनायचा, आजी, तुमचं बी घालतो की. तर म्हनायची, नगं बाबा, सायेब आला तर माजं काय दिसाय नगं. भाचीचं हाय म्हनून सांगता येतंय."

"मग दवाखान्याला का मोडली न्हाईत?"

"मी म्हनलं की तिला. म्हनली, रोख भरलं की कागदावर येतंय. निराधार बाईकडं दहा हजार कुठनं आलं म्हनतील. पगार गेला की मग मी क्रांतीच्या गळ्यात पडनार."

ती गेल्याचं कळवाय तलाठ्याकडं गेले तवा मी इचारलं, "आवं सायेब, खात्यात पैसं साठलं म्हनून पगार बंद हुतो का?"

ते म्हनलं, "आम्ही वर्षाचं उत्पन्न बघतो. पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकली, त्याला उत्पन्न कोण म्हणतंय? तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

मी पिशवी उचलली आन् भाईर आले.

भांडी मी साताऱ्याला खोलीवर आनली. पहाटं नळाला पानी येतं. हंडा भरत आला की आवाज बारीक बारीक हुत जातो, आन् त्यातनं ती इचारती, "व्हय गं? बंद करत्यात?" रोज. नाव भिताडाकडं करून ठिवलं, तरी इचारती. मी मोठ्यानं म्हनते, "न्हाई गं आत्ती, कोन न्हाई बंद करत." शेजारनीला वाटतं मी फोनवर बोलती.

गेल्या आयतवारी हंडा नाव घालनाऱ्याकडं न्हेला. त्यो म्हनला, "नाव तर हाय की ताई."

"आनिक एक घाला. शालूबाई."

"देनाऱ्याचं का? मग 'यांच्याकडून' आसं घालतो."

"न्हाई. मालकिनीचं. माजं खोडून टाका."

"तांब्यावरचं खोडता येत न्हाई. फुली मारू? पन वंगाळ दिसंल."

"दिसू द्या."

त्यानं माज्या नावावर फुली मारली, खाली तिचं घातलं. मी बोट फिरवून बघितलं, अक्षार अजून खरबरीत हुतं.

दुसऱ्या दिशी पहाटं पानी आलं. नाव माज्याकडं करून हंडा नळाखाली ठिवला. भरत आला, आवाज बारीक झाला, आन् तिनं परत इचारलंच.