अष्टमीच्या चंद्राचा फोटो

बाबा चाकणच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी एकच वस्तू घेतली, दुर्बीण. संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात तिची नळी ठेवायला जागा नव्हती. ती पलंगाखाली आडवी असायची आणि झाडताना आई रोज कुरकुरायची.

पुढं साखरेनं त्यांचे डोळे धरले. उजव्यात रक्त उतरलं. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, तरी तो वाचला नाही. "डाव्यावर सगळं भागतं," असं ते म्हणायचे. मी ते खरं धरून चालले होते.

मागच्या हिवाळ्यात अष्टमीच्या संध्याकाळी ते म्हणाले, "दुर्बीण गच्चीवर ने. मला वाकून बघायला जमत नाही. तू मोबाइलवर फोटो काढ, मी मोठा करून बघतो."

मी नळी उचलली. ते कठडा धरून मागून आले. दिवेलागणीची वेळ, चंद्र जवळजवळ डोक्यावर. मोबाइल भिंगाशी धरला की कधी नुसता काळोख, कधी पांढरा डाग. बाबा स्टुलावर बसून सांगत होते, "कडेला बघू नकोस. उजेड संपून अंधार सुरू होतो ना, त्या रेघेवर फोकस लाव. खड्ड्यांच्या सावल्या तिथंच पडतात. पौर्णिमेला सगळं सपाट."

बऱ्याच खटपटीनंतर एक फोटो बरा आला. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"छान आलाय. खड्डे बघ कसे एकमेकांत शिरलेत. त्या मोठ्याच्या पोटात डोंगरसुद्धा आलाय."

मी वाकून पाहिलं. मोबाइलचा स्क्रीन केव्हाच बंद झाला होता.

"हो, आलाय," मी म्हणाले.

खाली येऊन आईला गाठलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मला दिवाळीपासून माहितीय. जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरतात. मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस, कामावर सुट्ट्या घेत बसेल."

दोघांचाही राग आला, पण काढणार कुणावर?

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "यात आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही."

"मला सांगा की," बाबा म्हणाले. "डोळे माझे आहेत."

त्यानंतर त्यांनी दुर्बिणीचं नाव काढलं नाही. फाल्गुनातल्या अष्टमीला मी कामावरून आले आणि एकटीच वर गेले. त्या दिवशी फोटो पहिल्याच झटक्यात आला, इतका स्वच्छ की खड्ड्यांच्या कडा मोजाव्यात.

घरात बाबा बातम्या ऐकत बसले होते.

"गच्चीवर होतीस?"

"हो."

"कसा आला?"

त्यांना सगळं सांगता आलं असतं. कुठं काय असतं ते त्यांनीच तर शिकवलं होतं. पण मी सांगत जाणार आणि ते मान हलवत "छान" म्हणणार, हे मला सोसणार नव्हतं.

"आज ढग होते," मी म्हणाले.

"फाल्गुनात?" एवढंच ते म्हणाले आणि चाचपून रिमोट घेऊन त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.