सही झाली काय?

कोचना कुठलीही आनंदाची बातमी सांगा, ते अभिनंदन करत नसत. डोक्यावरची टोपी जरा मागे सारत आणि विचारत, “सही झाली काय?” माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा हेच. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिची आई पेढे घेऊन गेली, तेव्हाही हेच. बिचारी माझ्याकडे येऊन फणफणली, “काय अपशकुनी माणूस आहे हो!” मी म्हटलं, “पेढा खाल्ला ना त्यांनी? मग झालं तर.”

कतारमध्ये, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या वस्तीत त्यांना हनीफभाई म्हणणारे थोडे, कोच म्हणणारे सगळे. मूळचे रत्नागिरीकडचे, ताडमाड उंच. दिवसा एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात कारकुनी करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर वस्तीतल्या आपल्या मराठी मुलांना बास्केटबॉल शिकवायचा, असा त्यांचा आठवडा. डोक्यावर कायम एक टोपी. ती एकेकाळी निळी होती असं ते सांगत, आणि आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत असू.

त्या टोपीतच सगळी गोष्ट होती. कोच तरुण असताना आपल्याकडे भारतात बास्केटबॉलची एक व्यावसायिक लीग निघाली. अमेरिकेतल्यासारखा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी खेळाडू निवडायचा सोहळा, झाला. मोठ्या हॉटेलात एकेका खेळाडूचं नाव माइकवर पुकारायचं, त्याला स्टेजवर बोलवायचं, क्लबची टोपी घालायची आणि फोटो काढायचा. कोचचं नाव पुकारलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळाडूंच्या कोट्यातून लागलेल्या सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. ड्राफ्ट म्हणजे मुलगी पसंत आहे एवढंच. लग्न लागणार ते करारावर सही झाल्यावर, हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली, असंच त्या सगळ्यांना वाटलं. करार आलेच नाहीत, लीगही गुंडाळली गेली. “स्टेजवर बोलावून टोपी घातली हो आम्हाला,” असं कोच हसून सांगत. हसणं मात्र ओठांपुरतंच असे.

म्हणून त्यांच्या मैदानावर एक कायदा होता. दोन कॅप्टन उभे करून आळीपाळीने नावं घ्यायची आणि संघ पाडायचे, ही सगळ्या जगाची पद्धत तिथे बंद. कोच एका पिशवीत लाल-पिवळ्या जर्सी कोंबून आणत. प्रत्येकाने न बघता हात घालायचा, हाताला येईल तो आपला संघ. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “नाव पुकारलं ना वहिनी, की माणसाच्या कानांत दुसरं काय शिरतच नाय.”

मैदानाच्या कडेला बाकावर शिवा बसलेला असे. हा साताऱ्याकडचा, कोचच्याच ड्राफ्टमधला. इथे एका कंपनीची गाडी चालवतो, कंपनीच्याच खोलीत राहतो; बायको-मुलं गावी. त्याचं नाव कोचच्या नंतर पुकारलं गेलं होतं. हातातल्या नोकरीचा राजीनामा द्यावा की नको, असं त्याचं चाललेलं असताना कोच त्याला म्हणाले होते, “घाबरतोस काय? मी दिला ना!” त्या एका वाक्याचं ओझं कोचनी जन्मभर वाहिलं. शिवाला दोह्यात नोकरी त्यांनीच लावून दिली. थर्मासमधला पहिला चहा शिवाला, मग इतरांना. शिवा कितीदा तरी म्हणे, “तू म्हणला नसतास तरी मी दिलाच असता की राजीनामा!” कोचना ते खरं वाटत नसे.

आणि मग माझ्या लेकीचं, रेवाचं नाव पुकारलं गेलं.

रेवा कोचच्या हाताखालीच तयार झालेली. भारतात मुलींची नवी लीग निघणार होती, तिचा ड्राफ्ट आम्ही घरात टीव्हीला लॅपटॉप जोडून पाहिला. नाव आलं तसा घरात एकच गलका झाला. शिवाने जिलेबी आणली. नवरा विमानाची तिकिटं बघायलाही लागला. दाराशी चपलांच्या रॅकला टेकून कोच तेवढे उभे होते, आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. रेवा उसळलीच. “कोच, कॅन यू जस्ट बी हॅपी फॉर वन्स?”

तिला इथल्या कॉलेजात इंजिनियरिंगची सीट मिळालेली होती. ती सोडायची असं तिने रात्रीतून ठरवूनही टाकलं. सकाळी दुकानात जायच्या आधी कोच दारात हजर. न बोलावता ते कधी आलेले नव्हते. चहाला हात लावला नाही. तिच्यासमोर बसून म्हणाले, “बाय माझे, ते घेणार असं बोललेत. घेतलं नाय अजून. सीट सोडू नको. पाया पडू काय तुझ्या?”

“यू आर जेलस, कोच,” रेवा म्हणाली.

मी तिच्यावर ओरडणार होते. कोचनी हातानेच मला थांबवलं. “असेन गो,” ते शांतपणे म्हणाले. “जळत असेन तुझ्यावर. पण सीट सोडू नको.”

करार हातात येईपर्यंत सीट ठेवायची, असं बापलेकीत कसंबसं ठरलं. रेवाने कोचशी बोलणं मात्र टाकलं. करार आज येईल, उद्या येईल करत दिवस गेले. मग लीग पुढे ढकलल्याचा निरोप आला आणि त्यानंतर कोणी फोनच उचलेना. पोरगी खोली लावून घेऊन रडली. मी मैदानावर जाऊन कोचना सांगितलं. वाटलं होतं, निदान सुस्कारा तरी सोडतील. ते शिवाच्या शेजारी मटकन बसले. “या वेळेला तरी मी खोटा ठरायला हवा होतो, वहिनी,” म्हणाले. त्या संध्याकाळी शिट्टी शिवानेच वाजवली.

रेवा कॉलेजात जाऊ लागली, मैदानावर काही आली नाही. आणि यंदा एका शुक्रवारी कोच आमच्याकडे आले ते वेगळेच दिसत होते. फोनवर एक व्हिडिओ होता. त्यांच्या गावाजवळ कोणी शेठ बास्केटबॉलची अकादमी काढतोय, त्याच्या समारंभाचा. माइकवर शेठ सांगत होता, “आणि आपले मुख्य प्रशिक्षक, खास कतारहून येणारे...” पुढे कोचचं नाव, आणि टाळ्या. कोचनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा. दुकानाचा राजीनामा ते आदल्या दिवशीच देऊन आले होते. नोकरीबरोबर आता इथला व्हिसाही रद्द व्हायचा होता. जो प्रश्न ते आम्हा सगळ्यांना विचारत आले, तो माझ्या जिभेवर आला. पण त्यांचा चेहरा बघून मला तो विचारवेना. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. शिवालाही ते चल म्हणाले होते. “या खेपेला नको,” एवढंच शिवा म्हणाला.

विमानतळावर सोडायला शिवानेच गाडी काढली. रेवा आपणहून आली. दारापाशी कोचनी ट्रॉली थांबवली, तेव्हा ती पुढे झाली. घरात आमच्याशीसुद्धा इंग्रजीत बोलणारी ही पोर, थेट त्यांच्याच सुरात म्हणाली, “कोच, सही झाली काय?”

कोच हसले. हात सवयीने टोपीकडे गेला. “होईल गो. इन्शाल्ला.” तिच्या डोक्यावर त्यांनी एकदा हात ठेवला, आणि शिवाकडे न बघता ट्रॉली आत वळवली.

काचेचं दार मिटलं. मी म्हटलं, “चला.” शिवा जागचा हलला नाही.

“थांबू की जरा,” तो म्हणाला. “आला माघारी तर?”