आठवा टेक

डबिंगच्या धंद्यात तिला सगळे किंकाळीताई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. किंकाळी म्हणजे नुसता घसा फाडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फाडून बघावा. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा गिळवत नाही. ही पोटातून ओरडायची. माइकपासून दीड हात मागे उभी राहायची, मान जराशी वळवायची, म्हणजे मशीनचा काटा लाल पट्ट्यात जात नसे. आरशात भूत दिसलं की वेगळी किंकाळी, मागून खांद्यावर हात पडला की वेगळी. बारा भयपटांतल्या नट्या हिच्या गळ्याने ओरडल्या. पडद्यावर हिचं नाव एकदाही आलं नाही.

तर झालं असं, की हिच्या लेकीला एका पॉडकास्टचा नाद लागला. दर आठवड्याला दोघं जण एक भयपट घेऊन बसतात आणि त्यात समाज कुठे लपलाय ते हुडकून काढतात. एक दाढीवाला, एक प्राध्यापिका. बोलतात छान, खोटं कशाला सांगू. तळघराच्या सिनेमावर तर त्यांनी लागोपाठ तीन भाग केले. त्यात मालक मोलकरणीला तळघरात कोंडतो आणि ती मरून परत येते. प्राध्यापिका म्हणाली, की त्यातली शेवटची किंकाळी म्हणजे पिढ्यान् पिढ्या तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या बाईचा पहिला शब्द आहे. लेकीने लगेच त्यांना कळवलं, ती किंकाळी माझ्या आईची.

लेक एकतीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्या किंकाळीचं तिला लहानपणापासून कोण कौतुक. मैत्रिणी आल्या की लावून दाखवायची. आणि घरात ती वाजली, की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची, लेकीचं डोकं चाचपायची आणि परत जायची. "भूत ओरडलं की आमच्या आईला माया येते," असं लेक हसत सांगायची. 

पॉडकास्टवाल्यांचं बोलावणं आलं तेव्हा आई आधी नको म्हणाली. दोन दिवसांनी आपणहून म्हणाली, "जाऊ या." तिच्या पोटात चोवीस वर्षं एक गोष्ट होती. ही माणसं बाईच्या बाजूने एवढं घसा कोरडा करून बोलतात, तर त्यांच्यापुढे सांगावी, आणि कुणीतरी एकदा म्हणावं, की ताई, हे वाईट झालं. बस, एवढीच तिची अपेक्षा. लेकीलाही तिने ती कधी सांगितली नव्हती.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना करडा स्पंज, मध्ये टेबल, आणि काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेली लेक. पहिली चाळीस मिनिटं दाढीवाला आणि प्राध्यापिका एकमेकांशीच बोलत होते. तळघर म्हणजे काय, जिना म्हणजे काय. ही बापडी पाणी पीत बसली. मग दाढीवाल्याला आठवण झाली, की पाहुणीही आहे.

"ताई, ती किंकाळी कशी जमली?"

"सात टेक झाले," ती म्हणाली. "दिग्दर्शकांना एकही पसंत पडेना. मग ते स्वतः केबिनमध्ये आले. म्हणाले, तुमच्या मुलीच्या शाळेतून फोन आलाय. गच्चीवरून पडली. गेली."

प्राध्यापिकेने पेन खाली ठेवलं.

"मी ओरडले. मशीन चालूच ठेवलं होतं त्यांनी. मग टाळी वाजवून ओके म्हणाले. सगळे हसले. मी तशीच शाळेत पळाले. पोरगी मैदानात खेळत होती. तिचं डोकं चाचपलं, तर माझ्यावरच चिडली, डाव मोडला म्हणून."

त्यानंतर हिला कधी ओरडताच आलं नाही. पुढे मिळालं ते गर्दीतल्या कुजबुजीचं आणि तान्ह्या बाळांच्या रडण्याचं काम. पण ते कुणी विचारलं नाही. आणि लेकीला का नाही सांगितलं म्हणाल, तर पोटच्या पोरीच्या मरणाचं वाक्य घरात कोणत्या तोंडाने बोलायचं? असलं अभद्र आपण बोलत नाही.

"अंगावर काटा आला," दाढीवाला म्हणाला.

"वेदना खरी होती, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली," प्राध्यापिका त्याला म्हणाली. "याला म्हणतात दिग्दर्शक."

"ताई, आमच्या श्रोत्यांसाठी एकदा द्याल?" दाढीवाल्याने विचारलं. "तीच, तशीच."

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, हे आपण ऐकलेलं असतं. पण उंदराला मानाने बोलावून, खुर्ची देऊन, पुन्हा एकदा मरून दाखव म्हणणारी मांजरं मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

तिने काचेकडे बघितलं. लेकीचे डोळे भरले होते. आईला वाटलं, चला, एकीने तरी ऐकलं. लेकीने डोळे पुसले, मोबाइल उभा धरला आणि मान हलवून खूण केली, दे, दे.

"घसा बसलाय," आई म्हणाली.

परतताना बसमध्ये लेकीने तिचा हात हातात घेतला. "एवढं सोसलंस आणि मला बोलली नाहीस." थोड्या वेळाने म्हणाली, "पण द्यायला हवी होतीस गं एकदा. तुझं नाव झालं असतं."

"तू गेलीस असं सांगितलं होतं त्यांनी मला."

"पण मी कुठे गेले? ही काय, बसलेय तुझ्याशेजारी."

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेच तर जास्त लागलं. 

पंधरा दिवसांनी तो भाग आला. नाव दिलं होतं, 'एका महान किंकाळीची जन्मकथा'. लेकीने सकाळी लॅपटॉपवर मोठ्याने लावला. आई आत भांडी घासत होती. "गेली," हा तिचाच शब्द तिला ऐकू आला, आणि त्याला जोडून त्यांनी सिनेमातली ती किंकाळी टाकली होती, अख्खी. तिचे पाय आपोआप निघाले. साबणाचा हात तिने पदराला पुसला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला. डोकं गरम होतं, जागच्या जागी होतं.

मग तिला दिसलं, की समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केलाय आणि त्यावर लाल ठिपका लागलाय.

"हात काढू नकोस, आई," लेक म्हणाली. "बघ, एका टेकमध्ये मिळालं."