शनिवारच्या गाडीसाठी आई गेली

तुम्ही कधी आपल्या जिवंत आईला मारलं आहे का? मी मारलं आहे. तेही छापून, दोनशे प्रतींत!

तेव्हा मी अकोल्याला एका छापखान्यात कामाला होतो आणि आई वाशीमला एकटी. शनिवारी संध्याकाळी काम सुटायचं, तोवर वाशीमची गाडी निघून गेलेली. माझ्यासारखे कितीतरी नोकरदार रविवारभर खोलीवर कुढत बसत. हा अन्याय होता! मी पत्रकांमागून पत्रकं काढली. मागण्यांची, निषेधाची, इशाऱ्याची. (प्रत्येकाच्या माथ्यावर मोठ्या टायपात: 'असत्याशी तडजोड नाही!') कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी चिडून लिहिलं: 'शनिवारी गाडी नव्हती, म्हणून मरत्या आईचं तोंड दिसलं नाही!' खाली माझं नाव.

आणि गाडी मंजूर झाली! चार शनिवार, चाचणीपुरती.

पहिल्या शनिवारी मी छाती काढून डब्यात बसलो. शेजारी रेल्वेचे साहेब, चौकशीला निघालेले. बार्शीटाकळीला दार उघडलं आणि माझा सख्खा मामा आत आला. डोळे लाल आणि ओठावर मिशी नाही!

"कारे, तार नाही, चिठ्ठी नाही! माही अक्का गेली अन् मले पत्रकातून कळते? मिशी काढली मी तिच्यासाठी!"

मी त्याचा हात धरला. "मामा, आयक तं खरं..."

"आता काय आयकू लेका!" तो माझ्या गळ्यात पडून रडू लागला. सगळा डबा हळहळला. साहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मीही घरी येतो. दोन शब्द बोलून जातो."

वाशीम येईपर्यंत खरं सांगायला मी सात वेळा तोंड उघडलं. सातही वेळा साहेबांनी मला पाणी पाजलं!

दारात आई उभी होती. हात पिठाचे. मामा ओट्यावर मटकन बसला.

साहेबांनी हात जोडले. "बाई, या मुलाच्या आईबद्दलचं पत्रक वाचून ही गाडी सोडली आहे. सोमवारी मला अहवाल द्यायचा आहे. वारल्या ना त्या?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मामाच्या भादरलेल्या ओठाकडे पाहिलं.

"अन् वारली नसन तं?"

"तर गाडी बंद."

आईनं पदर पुढे ओढला. "वारली जी बिचारी! मी तिची जाऊ."

म्हणजे आई माझी काकू झाली!

"लय गुनाची होती," आई ऐसपैस बसत म्हणाली. "तिच्यासारका सैपाक गावात कोनाले जमे नाही. अन् हा पोरगा? आला का मैल्या कपड्याचं गाठोडं टाके अन् भाषन दे! एक डाव घागर उचलून देल्ली नाही यानं तिले. त्यातच खंगली!"

साहेबांनी रुमाल काढला. मामा तर, बहीण समोर बसलेली असताना, नव्यानं हुंदके देऊ लागला!

आता बोलणं भागच होतं. मी तत्त्वाचा माणूस. ताठ उभा राहिलो. "साहेब, सत्य असं आहे की..."

"रड!" आई पदराआडून गुरगुरली.

मी रडलो.

साहेब गेल्यावर आईनं पिठाच्या हातानं माझ्या गालावर एक ठेवून दिली. "मले जित्तेपनी काहून मारलं रे?"

"दर शनवारी तुह्याकडे येता यावं म्हनून."

आईनं पदरानं माझ्या गालावरचं पीठ पुसलं. मग म्हणाली, "मंग येत जाय. एक शनवार चुकला का मी ठेसनावर जाऊन सांगतो, मी जित्ती हाओ!"

एकही चुकला नाही. गाडी कायम झाली, म्हणून तर हे लिहायचं धाडस करतो आहे.

मरण आईनं माफ केलं. पण पत्रकात मी तिला 'सत्तरीची, बोळक्या तोंडाची म्हातारी' म्हटलं होतं. आई आहे पंचेचाळीसची, सगळे दात शाबूत! आणि हल्ली ती प्रौढांच्या वर्गात जाते, दिसेल तो कागद वाचून पाहते. तेव्हा वाचकहो, त्या दोनशेंपैकी एखादी प्रत तुमच्या फडताळात अंथरलेली असेल, तर कृपा करून आजच चुलीत घाला. उद्यावर टाकू नका. कालच तिची जोडाक्षरं सुरू झाली आहेत!